वेंडल क्रॅट्झरचा उजवा पाय

लिंडली गावात वेंडल क्रॅट्झरला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे त्याच्या सहासष्ट सालच्या शेव्हेल गाडीचा आवाज आणि दुसरी म्हणजे पॉवर ब्रेकबद्दलचं त्याचं मत. आवाज निदान गाडी बंद केली की थांबायचा.

मत असं होतं की ब्रेक माणसाच्या पायात असतो. पॉवर ब्रेकमध्ये पेडलच्या पुढे एक गोल डबा बसवलेला असतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर डबा चालतो आणि पायाचं निम्म्याहून जास्त काम परस्पर उरकून टाकतो. वेंडलच्या मते यात आणि शेजाऱ्याकडून आपले बूट घालून घेण्यात काही फरक नव्हता. त्याच्या शेव्हेलमध्ये असलं काही नव्हतं. पेडल, पेडलला सळई, सळईपुढे ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर, संपलं. गाडी थांबवायची तर मांडीपासून जोर लावायचा. ज्याला आपली गाडी आपल्या पायानं थांबवता येत नाही त्यानं ती बाहेर काढू नये, हे तो तीस वर्षं सांगत आला होता आणि दर वेळी ते त्याला आत्ताच सुचल्यासारखं वाटायचं.

याच काळात आणि त्याआधीची मिळून एकतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली होती. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालत. चवडा नुसता टेकवला की फुस्स करून बस उभी. पण ती नोकरी होती, आणि नोकरीत माणूस जे करतो ते मतांमध्ये धरायचं नसतं.

हे मत मांडायची जागा म्हणजे शेरीच्या आइस्क्रीमच्या टपरीसमोरचं पटांगण. मे ते सप्टेंबर दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या जुन्या गाड्या तिथं रांगेत लागत. तोंडं रस्त्याकडे, बॉनेट उघडी, आणि मालक गाडीमागे घडीच्या खुर्चीत. येणारे-जाणारे हातात आइस्क्रीमचा कोन घेऊन एकेका इंजिनात डोकावत पुढे सरकत. बॉनेट उघडंच ठेवायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बंद बॉनेटची गाडी आणून बसणं म्हणजे लग्नाला येऊन जेवणार नाही म्हणून सांगण्यासारखं होतं.

वेंडलच्या खुर्चीशेजारची खुर्ची ड्यूई स्ट्रोबेलची. ड्यूई धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, वेंडलपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि बोलण्यात चारशे पटींनी कमी. त्याची गाडी त्रेसष्टची फोर्ड गॅलॅक्सी, होडीएवढी लांब. या दोन गाड्यांच्या कंपन्या हाडवैरी, तरी शेव्हेलवाला आणि फोर्डवाला तीस वर्षं शेजारी बसतात, याचं गावाला कौतुक होतं. गॅलॅक्सीलाही डबा नव्हता, त्यामुळे वेंडल त्याला आपल्या पंथाचा मानायचा. ड्यूईला त्यानं तसं कधी विचारलं नव्हतं. ड्यूई ऐकायचा, मान हलवायचा आणि कोन संपवायचा.

त्या हिवाळ्यात वेंडलचा उजवा गुडघा बदलला. आत धातूचा नवा सांधा बसला. ड्यूई दवाखान्यात भेटायला आला, पलंगाशी उभा राहून गुडघ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आता तूही सगळा कारखान्यातून आलास तसा राहिला नाहीस." वेंडल टाके दुखेपर्यंत हसला. ते हसू एप्रिलपर्यंत टिकलं.

एप्रिलमध्ये त्यानं शेव्हेल बाहेर काढली. चर्चच्या कोपऱ्यावर थांबायची पाटी आहे. तिथं त्यानं नेहमीसारखा मांडीपासून जोर लावला. मांडीनं आपलं काम केलं, पण गुडघ्यानं त्याला वाटलं तेवढंच केलं. शेव्हेल अगदी शांतपणे पाटीवरून पुढे गेली आणि चौकाच्या मधोमध थांबली. समोरून व्हॅन घेऊन आलेली बाई इथल्या रीतीप्रमाणे हसली, हात हलवून 'तुम्ही आधी' म्हणाली. तिला वाटलं, म्हातारा घाईत आहे. वेंडल घरी आला तो ताशी वीस मैलांच्या वेगानं, आणि गॅरेजमध्ये शिरताना त्यानं डावा पायही पेडलवर ठेवला. दोन पायांनी एक ब्रेक दाबणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. आता आरशात पाहिला.

आठवडाभर तो विचार करत होता. गाडी विकायची नाही, हे पक्कं होतं. ती गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, हेही त्याच्यानं होणार नव्हतं. मग उरला तो डबा. खरं सांगायचं तर आपण कोणाला धडकू यापेक्षा हे कोणाला कळेल याची भीती त्याला जास्त वाटत होती, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. लाज वाटली म्हणून भीती कमी झाली नाही.

डब्याची मागणी त्यानं बायकोच्या नावानं नोंदवली. खोकं आलं तेव्हा अर्लीननं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, वरचं नाव वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मी हे मागवलंय?"

"हो."

"मग मला आवडलंय का ते तरी सांग."

वेंडलनं गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि चार दिवस आत काम केलं. इतकी वर्षं ज्याची टवाळी केली तो डबा हातात धरल्यावर चांगला जड लागला. बसवून झाल्यावर ब्रेकमधली हवा काढायची होती, आणि या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी झोपून नळी उघडायची. एरवी चाकाशी झोपणारा ड्यूई असायचा. या वेळी वेंडल स्वतः खाली झोपला आणि अर्लीन एप्रन घालून स्टिअरिंगमागे बसली.

"दाब," खालून वेंडल.

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय. ड्यूईला का नाही बोलावलंस?"

"सोड."

"काय सोडू? पेडल की विषय?"

हवा निघाली. वेंडलनं इंजिन चालू केलं, पेडलवर पाय ठेवला, आणि पेडल भिंतीसारखं टणक लागलं. पहिल्यापेक्षाही टणक. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

इंजिनात कॅम नावाचा एक दांडा असतो. झडपा कधी उघडायच्या नि कधी मिटायच्या, ते तो ठरवतो. वेंडलनं पंचवीस वर्षांपूर्वी शेव्हेलमध्ये शर्यतीच्या गाडीचा तगडा कॅम घातला होता. त्यामुळेच ती उभ्या उभ्या गुरगुरायची, धापा टाकायची, आणि दोन गल्ल्या पलीकडूनही लोक म्हणायचे, आला वेंडल. पण असला कॅम असला की उभ्या गाडीत इंजिनाची ओढ कमी पडते, आणि ओढ नाही तर डबा नुसता डबा. हे गावात कोणाला ठाऊक असेल तर वेंडलला. पॉवर ब्रेकच्या विरोधातला हा त्याचा तिसरा मुद्दा होता. तीस वर्षं तो दर गुरुवारी हे लोकांना बजावत आला, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा स्वतःचंच भाषण विसरला. त्यानं इतकं लक्ष देऊन ते कधी ऐकलंच नव्हतं.

हवा ओढायला विजेचा छोटा पंप मिळत होता. पण तो फ्रिजसारखा घुमतो, आणि शेरीच्या पटांगणात शेव्हेलमधून फ्रिजचा आवाज आला असता तर पुढचं आयुष्य दुसऱ्या गावात काढावं लागलं असतं. म्हणजे एकच वाट उरली. कॅम बदलायचा, कारखान्यातून आला होता तसला साधा घालायचा. ब्रेक मिळेल, आवाज जाईल.

दोन दिवस त्यानं गॅरेजचं दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी अर्लीननं बटाट्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"आवाज गेला तर लोक म्हणतील, गाडी म्हातारी झाली. ब्रेक लागला नाही तर म्हणतील, वेंडल गेला. यातलं कुठलं ऐकायला तू असशील ते बघ."

त्यानं कॅम बदलला. तीन आठवडे लागले. चालू केल्यावर शेव्हेल शिवणयंत्रासारखी नेमस्त चालायला लागली. अर्लीन ओट्याशी उभी होती, तिला गाडी सुरू झाल्याचं कळलंच नाही. वेंडलला रडू यायचं बाकी होतं.

मंगळवारी दुपारी चर्चच्या रिकाम्या पटांगणात त्यानं ब्रेक पाहिला. सवयीनं मांडीपासून जोर लावला. शेव्हेल जागच्या जागी नाक खुपसून उभी राहिली, टायर किंचाळले, टोपी काचेवर जाऊन आदळली. पेडलच्या दांड्याला सळई अडकवायला दोन भोकं असतात, वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं डब्यासाठी. वेंडलनं सळई वरच्याच भोकात ठेवली होती. पुढेमागे गुडघा सुधारला तर परत फिरता येईल, असा त्याचा मनातला हिशेब. त्यानं तिथंच पाठीवर झोपून सळई खालच्या भोकात घातली आणि पुन्हा फेरी मारली. आता अंगठा टेकवला की गाडी मऊपणे थांबत होती. पाटीशी थांबवली, झाडाशी थांबवली, काही नसताना थांबवली. त्याला फार आनंद झाला, आणि हा आनंद कोणाला सांगता येणार नाही म्हणून वाईटही वाटलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी शेव्हेल पटांगणात शिरली तेव्हा एकही मान वळली नाही. वेंडलनं बॉनेट उघडलं नाही. खटका अडकलाय, म्हणाला. आवाजाचं काय झालं, असं कोणी तरी विचारलंच, तेव्हा आधी ठरवलेलं नसताना त्याच्या तोंडून निघून गेलं की अर्लीनचं डोकं दुखतं, तिला आवाज सहन होत नाही, म्हणून शांत केली.

या गावात कोणाचं काही दुखलं की लोक चीज घालून भाजलेल्या शेवयांचं पातेलं घेऊन येतात. रविवारपर्यंत अर्लीनच्या दारी तीन पातेली आली. तिनं कपाळाला हात लावून ती घेतली, आभार मानले, दार लावलं आणि नवऱ्याकडे वळली.

"चाळीस वर्षांत माझं डोकं एकाच गोष्टीनं दुखलंय, आणि ती शेव्हेल नाही."

शेवया मात्र दोघांनी आठवडाभर खाल्ल्या.

बॉनेट बंद, आवाज बंद, त्यामुळे वेंडलला तोंड जास्त चालवावं लागलं. पॉवर ब्रेकवर तो इतकं तावातावानं कधीच बोलला नव्हता. बंद बॉनेटवर कोपर टेकून तो सांगायचा की डब्यामुळे माणूस आळशी होतो, पाय मरतो. त्या कोपराच्या खाली वीतभर अंतरावर डबा होता.

ऐकायला ड्यूई होताच. पण ड्यूई आता पिकअप घेऊन यायचा. पहिल्या गुरुवारी म्हणाला, गॅलॅक्सीचा कार्ब्युरेटर उघडून ठेवलाय. दुसऱ्या गुरुवारी म्हणाला, रेडिएटर गळतोय. कार्ब्युरेटर गेल्या शरद ऋतूत दोघांनी मिळून नवा केला होता, त्याला इतक्यात काही व्हायचं कारण नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी वेंडलनं त्याला पिकअपमधून उतरताना पाहिलं. ड्यूईनं आधी डावा पाय खाली ठेवला, मग दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून बाहेर काढली आणि कोणी बघत नाही ना म्हणून मान फिरवली. वेंडलनं चटकन नजर टपरीच्या पाटीकडे वळवली. त्याला सगळं कळलं. कळायला दुसरा कोणी लायकच नव्हता.

घरी जाऊन त्यानं अर्लीनला सांगितलं. अर्लीन म्हणाली, मग सांग त्याला. बॉनेट उघड आणि दाखव, चार दिवसांचं काम आहे, तुम्ही दोघं मिळून त्याच्या गाडीलाही बसवाल. गॅलॅक्सीचा कॅम साधाच आहे, तिला आवाजही सोडावा लागणार नाही. वेंडलला हे सगळं पटलं. पुढच्या गुरुवारी सांगतो, म्हणाला.

पुढचा गुरुवार आला. वेंडल खुर्चीत बसला, घसा खाकरला, आणि पलीकडच्या मस्टँग गाडीच्या मालकानं मुद्दाम खोड काढली, काय वेंडल, आज प्रवचन नाही? झालं. वेंडलनं प्रवचन दिलं. ड्यूईनं मान हलवली, कोन संपवला आणि लवकर निघाला. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक झाली, गॅलॅक्सी तिच्यातही नव्हती. त्यानंतरच्या गुरुवारी पाऊस पडला आणि कोणीच आलं नाही. वेंडलला पावसामुळे सुटल्यासारखं वाटलं. फोन गॅरेजच्या भिंतीवर होता, ड्यूईचा नंबर पाठ होता, पण असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"तू कशाला घाबरतोयस?" अर्लीननं विचारलं. ती चिडली होती. "तो हसेल म्हणून? ड्यूई वर्षातून एकदा हसतो. एवढं तरी दे त्याला."

जुलैच्या तिसऱ्या गुरुवारी वेंडल सगळ्यांच्या आधी पटांगणात गेला. गाडी लावली, बॉनेट उघडलं, आणि डब्यावरून फडकं फिरवून जेवणाच्या ताटाएवढा तो काळा गोळा लखलखीत केला. मग खुर्चीत जाऊन बसला आणि फाशीची वाट बघावी तशी वाट बघू लागला.

लोक आले. मस्टँगवाला आला, वाकून पाहिलं, "अरे, बसवलास? छान. माझ्यात नव्वद सालापासून आहे," म्हणाला आणि आइस्क्रीम आणायला गेला. दुसऱ्यानं विचारलं, नळ्या स्वतः वळवल्यास का? तिसरा म्हणाला, आम्हाला वाटलं खटका खरंच अडकलाय. एवढंच. कोणी टवाळी केली नाही, कोणी बोट दाखवलं नाही. त्या रांगेतल्या पंधरा गाड्यांपैकी अकरांमध्ये डबा होता, आणि अकराच्या अकरा जण तीस वर्षं वेंडलचं बोलणं करमणूक म्हणून ऐकत आले होते. त्याचं म्हणणं कोणी मनावरच घेतलं नव्हतं. वेंडलला एकदम हलकं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

सहाच्या सुमारास ड्यूईचा पिकअप आला. पाय उचलून बाहेर ठेवायचा तो प्रकार झाला. ड्यूई चालत आला, शेव्हेलच्या तोंडाशी थांबला आणि आत बघत राहिला. वेंडल उठून त्याच्याजवळ गेला. तोंडपाठ केलेलं सगळं तो विसरला होता.

"कधी बसवलास?" ड्यूईनं विचारलं.

"मेमध्ये."

ड्यूईनं मान हलवली. डब्यापासून निघालेल्या नळीवरून त्यानं बोट फिरवलं, नळीचं वळण कुठे चेपलंय का ते पाहिलं. चेपलं नव्हतं.

"चांगलं काम केलंयस," तो म्हणाला. "मी गॅलॅक्सी सोमवारी विकून टाकली."

"कोणाला?"

"टोलेडो शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरला. ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. माणूस बरा होता."

"कार्ब्युरेटरमुळे दिलीस?" वेंडलनं विचारलं. उत्तर ठाऊक असताना विचारलं, याची त्याला शरम वाटली.

"कार्ब्युरेटर ठणठणीत होता. पाय लागत नव्हता." ड्यूईच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मार्चमध्ये एकदा रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबेना. मग मनात म्हटलं, तू सांगतोस ते खरंच आहे. आपल्या पायानं थांबत नसेल तर काढू नये. मला ते नेहमीच पटायचं."

आपण त्या डॉक्टरला फोन करू, गाडी परत मागू, असं काहीतरी वेंडल पुटपुटला. ड्यूईनं नाही म्हणून मान हलवली. दिलेली वस्तू परत मागणाऱ्यातला तो नव्हता, आणि हे वेंडलला तीस वर्षं ठाऊक होतं.

"बसून बघू का जरा?" ड्यूईनं विचारलं.

शेव्हेलच्या त्या सीटवर वेंडलखेरीज कोणी बसत नसे. ब्रेकची हवा काढायला अर्लीन बसली होती तेवढीच. वेंडलनं किल्ली काढून दिली, दार उघडून धरलं आणि ड्यूईनं दोन्ही हातांनी उजवा पाय आत घेतला. इंजिन सुरू झालं ते शेजारच्या खुर्चीपर्यंतही ऐकू गेलं नाही. ड्यूईनं पेडलवर पाय ठेवला. पेडल खाली गेलं. त्यानं पाय उचलला, परत नुसता अंगठा टेकवला. परत गेलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," वेंडल म्हणाला.

ड्यूई समोरच्या उघड्या बॉनेटकडे बघत बसून राहिला. वेंडलला तिथं उभं राहवेना, म्हणून तो मागे खुर्च्यांपाशी गेला. शेव्हेलचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले, विझले, लागले, विझले. बराच वेळ तसंच चाललं होतं. कोन खात जाणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, ब्रेक तपासताय का? वेंडल हो म्हणाला.